दोन अर्ध्या गाठी

“काकवी कमी पडलीय. काल हंडा पुरतानाच म्हणालो होतो, पण माझं ऐकतं कोण इथं?”

मर्विन ग्रिंडल खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून मातीचा वास घेत होता. बोलत होता स्वतःशीच, पण आयडेलाच्या कानापासून हातभर अंतरावर, म्हणजे तिला ऐकू जावं अशाच बेतानं. बेटाच्या वार्षिक जेवणाचा घेवड्याचा हंडा अजून जमिनीखाली होता, कालपासून मंद शिजत. वर मातीचा ढिगारा, त्याखाली पत्रा, त्याखाली निखारे आणि लोखंडी झाकण. आणि एवढ्या सगळ्यातून मर्विनला काकवी किती पडली ते कळलं होतं. दर वर्षी कळतं. दर वर्षी कोणीतरी त्याला म्हणतं की मर्विन, तू तासभर गप्प बसलास तर घेवडा आपोआप गोड होईल, आणि मग सगळे हसतात.

या वर्षी कोणी काही म्हणालं नाही. शेजारीण थर्झा कोबी चिरत राहिली. तिचा नवरा बाकं मांडत राहिला. टोलमन बेटावर मर्विनला उलट उत्तर मिळेनासं झालं की समजावं, प्रत्येकाच्या जिभेवर दुसरंच काहीतरी आहे आणि ते गिळण्यात सगळे गुंतलेत.

ते दुसरं काहीतरी म्हणजे आयडेलाची मुलगी.

जोलीन टिबेट्स अमेरिकेच्या काँग्रेससाठी, म्हणजे देशाच्या संसदेसाठी, उभी होती. गावाच्या कौन्सिलासाठी नाही, राज्याच्या विधानसभेसाठीही नाही, ते दोनदा करून झालं होतं. थेट वॉशिंग्टनला, देशाचे कायदे होतात त्या घुमटाखाली बसायला. बोटीच्या धक्क्यावर, बर्फाच्या यंत्राशेजारी तिचा फलक लावला होता. मर्विनच्या नातवानं तो खांबाला आमिषाच्या दोरीनं बांधला होता, त्यामुळे उन्हात त्याला हेरिंग मासळीचा वास यायचा. फलकावरचा जोलीनचा चेहरा दुकानाच्या दाराएवढा होता. आयडेला त्याच्यासमोरून जाताना अजूनही चर्चमध्ये शिरल्यासारखी पाय हळू टाकायची. हे नाक आपण पुसलंय, हे तिला पटायचंच नाही.

खाली छापलं होतं: शेवंड पकडणाऱ्याची मुलगी. परिचारिका. तुमच्यातली. यात खोटं काही नव्हतं, फक्त फार थोडं होतं. ती पोर दहा वर्षांची होईपर्यंत बापाच्या बोटीवर रोज ओकायची आणि ओकून झालं की तोंड धुऊन पुन्हा आमिषाच्या पिशव्या भरायला बसायची, हे कुठे छापलं नव्हतं. आणि किनाऱ्यावरच्या इस्पितळानं बाळंतपणाचा विभाग बंद केला त्या हिवाळ्यात काय झालं, तेही नव्हतं. थर्झाच्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. पुढचं इस्पितळ किनाऱ्यावर उतरून आणखी दोन तास गाडीनं. टपालाच्या बोटीत, पत्रांच्या पोत्यांवर, लाटा बाकावरून येत असताना जोलीननं ते बाळ सोडवलं. आई आणि बाळ धडधाकट घरी आली. जोलीन मात्र दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की आई, मी निवडणुकीला उभी राहतेय. तेव्हापासून ती राजकारणात होती. बाकीचं सगळं त्या पोत्यांवरून निघालं.

तिचं म्हणणं बेटाला तोंडपाठ होतं. बंद केलेले बाळंतपणाचे विभाग सरकारनं पैसे घालून उघडावेत. थंडीत म्हाताऱ्या माणसाला घर तापवायचं तेल घेऊ की औषध, असा प्रश्न पडू नये. चार पोरं असली तरी बेटावरची शाळा चालू राहावी. आणि देवमासे पिंजऱ्यांच्या दोरात अडकतात म्हणून वॉशिंग्टनमध्ये बसून दोरांचे नियम करणाऱ्यांनी एकदा तरी जानेवारीत येऊन तो दोर ओढून पाहावा. या शेवटच्या वाक्याला बेटावरचे पुरुष टेबलं बडवायचे. सगळं छान चाललं होतं, मंगळवारपर्यंत.

मंगळवारी शहरात दोघा उमेदवारांची जाहीर चर्चा होती. बेट दुकानातल्या टीव्हीसमोर गोळा झालं होतं. समोरचा उमेदवार मोटारी विकून गब्बर झालेला, दात फार चांगले असलेला माणूस. तो म्हणाला की या देवमाशांच्या नियमांनी आमच्या मच्छीमारांच्या ताटातला घास काढून घेतला. दुकानात सगळ्यांनी माना डोलावल्या. आता जोलीन याच्याही वर आवाज काढणार, म्हणून मर्विननं टेबलावर मूठ तयारही ठेवली. जोलीननं माइक जवळ ओढला. मग म्हणाली की नियम चुकीचा आहे आणि मी तो बदलायला भांडेन, पण खरं बोलायचं तर आपले शेवंडीचे पिंजरे देवमाशांनी रिकामे केलेले नाहीत.

मग कोणी केले, ते ती बोलली नाही. घंटा वाजली, वेळ संपली होती.

दुकानात कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मर्विननं मूठ उघडून तिच्याकडे बघितलं, जणू तीत काही ठेवलं होतं आणि आता सापडत नाही. सगळ्यांकडे आपापलं कारण होतं: पाणी या वर्षी उशिरा तापलं, किंवा लवकर तापलं; वादळानं तळ ढवळला; आमिष हलकं येतंय; पुढच्या वर्षी बघा. ही कारणं बेटावर पावासारखी रोज ताजी भाजली जायची आणि रोज संपायची. त्यापलीकडचं वाक्य बोलायचं नाही, असं कोणी ठरवलेलं नव्हतं. पण ते एकदा तोंडातून बाहेर पडलं की नव्या बोटी घेतलेली पोरं किनाऱ्याकडे बघायला लागतील, ती गेली की शाळा जाईल, शाळा गेली की टपालाची बोट कशाला येईल? हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून ते वाक्य सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं, झोपलेल्या बाळासारखं.

आणि गुरुवारी तो बोया सापडला.

आल्टननं, म्हणजे आयडेलाच्या नवऱ्यानं, मोडका पिंजरा दुरुस्तीला धक्क्यावर आणून टाकला होता. त्याला त्याचा बोया, म्हणजे पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता खुंट, तसाच बांधलेला: पांढरा, नारिंगी पट्ट्याचा, टिबेट्सांचे रंग. थर्झानं पाहिलं. बोयाच्या दांड्याला दोन अर्ध्या गाठी मारलेल्या होत्या.

या पाण्यात तळ कुणाचा ते कागदावर कुठेच नसतं, पण प्रत्येक बंदराची हद्द प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी पिंजरा टाकला तर हद्दवाला भांडायला येत नाही, तक्रार करत नाही. तो त्या बोयाच्या दांड्याला दोन अर्ध्या गाठी मारून निघून जातो. याचा अर्थ, पाहिलंय तुला, परत जा. पुढच्या खेपेला गाठ नसते, सुरी असते. दोर कापला की पिंजरा तळाशी राहतो आणि बोया कुठल्या कुठे. बेटावरच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी ही ओळख होते.

आल्टन टिबेट्स कधी हद्दीबाहेर गेलेला नव्हता. त्याच्या आजोबांनी धरलेला तळ त्यानं धरला होता, गोट लेजच्या खडकापासून लाल बोयापर्यंत, आणि त्या तळाचा त्याला इतका अभिमान होता की झोपेतही तो त्याच दिशेला तोंड करून झोपतो असं आयडेला म्हणायची. तेव्हा गाठी त्याच्या पिंजऱ्यांसाठी नव्हत्याच, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेटानं ठरवलं. गाठी जोलीनसाठी होत्या. बेटावरच्याच कोणीतरी टिबेट्सांना सांगितलं होतं की तुमची मुलगी हद्दीबाहेर गेलीय, तिला मागे बोलवा.

मग न विचारताच लोक खुलासे द्यायला लागले. थर्झा घरी भाजलेली ब्लूबेरीची पाई घेऊन आली आणि दारातच म्हणाली, आमच्या घरातलं कोणी नाही हं आयडेला. मर्विननं मेलेल्या आईची शपथ घेतली, आणि वर हेही सांगितलं की आई जिवंत असताना त्यानं एवढी मोठी शपथ कधी घेतली नव्हती. जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून होता. आणि आल्टन? जेवताना आयडेलानं त्याला सरळ विचारलं की कुणाचं काम असेल रे हे. तो ताटातल्या बटाट्याकडे बघत म्हणाला, “असतात एकेक.” त्यानंतर त्यानं मीठ मागितलं, जे त्याच्या हातापाशीच होतं.

आणि आज, जेवणाच्या दिवशी, दुपारच्या बोटीनं जोलीन आली. कोट तोच जुना, बूट रबरी, केस वाऱ्यानं विस्कटलेले. आणि तरी ती धक्क्यावर पाय ठेवताच बोटीचा तांडेल टोपी काढून उभा राहिला, ज्यानं तिला एकदा जेलीफिश फेकल्याबद्दल कान धरून बापाकडे नेलं होतं. आयडेलानं ते पाहिलं.

मर्विनला मात्र राहवलं नाही. आल्टनच्या बोटीचं नाव ‘जोलीन टी.’ होतं, त्यावरून तो म्हणाला, “मी बोटीला मत देणार आहे. तुझं नंतर बघू.”

“बोटीलाच दे,” जोलीन म्हणाली. “ती तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते, वॉशिंग्टनमध्ये निभावेल तिचं.”

लोक हसले. हसणं नेहमीपेक्षा लवकर संपलं.

आगीच्या बंबाच्या शेडमागे छोटं स्वयंपाकघर होतं. तिथं आयडेलानं तिला गाठलं आणि गाठींचं सगळं सांगितलं. जोलीन नळाखाली हात धुत होती, कोपरापर्यंत, इस्पितळातल्या सवयीनं, एकेक बोट वेगळं. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

“बाबा काय म्हणाले?”

“तुझा बाप काय म्हणणार. मीठ मागितलं.” आयडेलानं दार लोटून घेतलं. “हे बघ, मला राजकारणातलं कळत नाही. तू म्हणतेस ते चूक आहे असंही मी म्हणत नाही. पण सुरी चालली तर तुझ्या बापाकडे दुसरं काय आहे गं? आज तेवढं एक वाक्य मागे घे. देवमाशांवर काय बोलायचं ते बोल, लोकांना हवंच आहे ते. बाकीचं वॉशिंग्टनला गेल्यावर बोल.”

जोलीननं नळ बंद केला. तिनं टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसलं.

“सगळीकडे ते वाक्य अर्धंच राहतं, आई. प्रत्येक ठिकाणी घंटा वाजते. मला वाटलं होतं, इथं तरी मला ते पुरं करता येईल. माझ्या घरी.” मग तिनं टॉवेलची घडी घातली, खुंटीवर ठेवली. “बरं. मागे घेते.”

आयडेलाला जे हवं होतं ते मिळालं होतं. तिला वाटलं होतं, मोकळं वाटेल. त्याऐवजी तिला असं झालं की आपण भर समुद्रात कुणाच्या तरी हातातलं वल्हं काढून घेतलंय. राज्यपालांसमोर जी मुलगी एक शब्द हलली नव्हती, पत्रकारांनी घेरलं तेव्हा जिच्या पापणीलाही कंप नव्हता, ती बापाच्या पिंजऱ्यांसाठी एका क्षणात वाकली होती, आणि वाकतानाही टॉवेल नीट ठेवायला विसरली नव्हती. एवढं मोठं काहीतरी आपल्या पोटी कुठून आलं, आयडेलाला कळेना.

ती वळली तर दारात आल्टन उभा. हंडा उचलायच्या लोखंडी आकड्या न्यायला आला होता. दार कधी उघडलं कुणास ठाऊक. त्यानं लेकीकडे पाहिलं, आकड्या भिंतीवरून काढल्या आणि तो गेला.

चार वाजता खड्डा उघडला. हे बघायला लोक दर वर्षी येतात आणि दर वर्षी अचानक गप्प होतात. आल्टन आणि मर्विननं फावड्यानं माती बाजूला केली, पत्रा सरकवला, आणि कालपासून जमिनीत कोंडलेली ऊब एकदम वर आली. लहानमोठ्यांचे चेहरे तिनं लाल झाले. दोघांनी आकड्या घातल्या, श्वास घेतला, आणि हंडा हळूहळू वर आला, काळा, राखेनं माखलेला, वाफाळता. झाकण उघडलं. घेवडा मधासारखा तपकिरी झाला होता, डुकराच्या चरबीचे तुकडे त्यात विरघळून गेले होते आणि कांदा कुठे होता ते फक्त वासाला ठाऊक. काल संध्याकाळी दगडासारखे टणक होते हे दाणे. अंधारात, कोणी न ढवळता, कोणी न बघता त्यांचं हे झालं होतं. आयडेलाला जन्मभर बघूनही याची सवय झाली नव्हती.

मर्विननं लाकडी चमच्यानं चव घेतली. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“बरी आहे काकवी,” तो म्हणाला, फार नाराज होऊन.

टोलमनवर उमेदवाराला आधी वाढावं लागतं, मग बोलायला मिळतं. हाही कुठे लिहिलेला नियम नाही, पण एकदा एका उमेदवारानं जेवणाआधीच भाषण सुरू केलं होतं आणि त्याला बेटावर फक्त त्याच्या भाच्याचं मत पडलं. जोलीननं अंगाभोवती फडकं गुंडाळलं आणि पळी घेतली. कुणाला चरबीचा तुकडा नको, कुणाला डब्यात वाफवलेल्या पावाची कड हवी, कुणाच्या नवऱ्याचा गुडघा आता कसा आहे, सगळं तिला ठाऊक होतं. आयडेला कोबीची कोशिंबीर वाढत तिच्यामागून चालली. ताट घेणारे हात मायेचे होते. डोळे मात्र ताटात.

पाई वाटून झाल्या, कॉफी आली, आणि जोलीन खड्ड्यापाशी उभी राहिली. वर आलेली माती अजून कोमट होती. तिनं आवाज चढवला नाही. आधी ती बाळंतपणाच्या विभागांविषयी बोलली. टपालाच्या त्या बोटीचं नाव तिनं घेतलं नाही, पण थर्झानं डोळ्यांना फडकं लावलं. तेलाविषयी बोलली, शाळेविषयी बोलली. एकेका गोष्टीला ती समोरच्या एकेका माणसाकडे बघत होती आणि तो माणूस आपल्यालाच कोणीतरी पहिल्यांदा नीट पाहिल्यासारखा ताठ बसत होता. आयडेला कॉफीची किटली घेऊन उभी होती आणि ओतायचं विसरली होती. आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणंच ती बोलतेय, हे तिला कळत होतं. पण तेच शब्द इतक्या लांब जातील, राज्याच्या टोकापासून त्या घुमटापर्यंत, असं काही त्यांच्यात होतं हे तिला कधी दिसलं नव्हतं.

मग देवमासे आले. दोराचं वाक्य आलं. टेबलं बडवली गेली, जरा जास्तच जोरात. आवाज निवेपर्यंत जोलीन थांबली. आता येणार, आयडेलानं ओळखलं, आणि तिला खाली बघावंसं वाटलं.

“मंगळवारी मी शहरात एक गोष्ट बोलले,” जोलीन म्हणाली. “ती बोलायला नको होती, असं काहींना वाटलं. तर मी ती...”

“थांब, जोलीन.”

आल्टन उठला होता. तो या जेवणात कधी उठून बोललेला नव्हता. लग्नातसुद्धा चर्चमध्ये जे बोलणं भाग होतं तेवढंच तो बोलला होता. त्यानं टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना, शेवटी त्यानं ती मर्विनच्या हातात दिली. मर्विननं ती घेतली.

“त्या गाठी इथल्या कोणी मारलेल्या नाहीत,” आल्टन म्हणाला. “उगाच एकमेकांकडे बघू नका. बकल बंदरवाल्यांनी मारल्यात. आणि बरोबर मारल्यात.”

कुठेतरी काटा ताटात पडला. बकल बंदराची हद्द लाल बोयाच्या पलीकडे, खोल पाण्यात सुरू होते. तिथं बकलवाले गाठी मारतात याचा अर्थ एकच होता, आणि तो आल्टन टिबेट्सशी जोडता येईना कुणाला. आयडेलालाही येईना. तिचा खांदा आखडल्यापासून तिनं त्याच्याबरोबर बोटीवर जाणं सोडलं होतं. तो एकटाच जायचा, धुक्यात जायचा, उशिरा यायचा. वय झालं म्हणून हळू चालवत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

“मी त्यांच्या तळात पिंजरे टाकतोय,” तो म्हणाला. “मागच्या उन्हाळ्यापासून. आधी थोडे, मग जास्त. मोडका पिंजरा आणला त्या दिवशी गाठी सोडायला माझा हात उठला नाही. आणि तुम्ही सगळे मुलीच्या माथी मारत होतात तेव्हा मी गप्प बसलो, कारण ते मला सोपं होतं.” त्यानं लेकीकडे पाहिलं. “तिला मागे घ्यायला लागू नये. मागे घ्यायचं ते मी घेतो. उद्या जाऊन पिंजरे काढतो तिथले.”

जोलीन हलली नाही. तिचा चेहरा आयडेलानं फलकावर पाहिला होता त्यापेक्षा लहान झाला होता, आणि आयडेलाला वाटलं, हाच खरा मोठा आहे.

मर्विन दोन्ही हातांत टोपी धरून बसला होता. त्याचा तळ आल्टनच्या तळाला लागूनच होता, बापापासून. त्याच्या आवाजात कुरकूर नव्हती, आणि म्हणूनच तो ओळखू येईना.

“पण का रे, आल्टन? स्वतःचा एवढा तळ सोडून?”

आल्टननं एकदा पाण्याकडे पाहिलं, गोट लेजच्या दिशेनं, जिथं संध्याकाळच्या उतरत्या उन्हात त्याचे नारिंगी पट्ट्याचे बोये अजूनही रांगेनं तरंगत होते, आजोबांनी मांडले होते तसेच.

“तुला ठाऊक आहे, मर्विन. इथं सगळ्यांना ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आपल्या तळात आता शेवंडी नाहीत. पाणी तापलं, त्या गेल्या, आणि त्या परत येणार नाहीत.”